परत न येणारं पुस्तक

गावाला निघायच्या आदल्या रात्री बांधाबांध झाली की मी पुस्तकांच्या कपाटासमोर येऊन उभी राहते. कपडे, काकीची औषधं, वाडीतल्या पोरांसाठी घेतलेल्या पेन्सिली, सगळं पिशवीत गेलेलं असतं. पुस्तकाचं तेवढं ठरलेलं नसतं. टेबलावर ई-रीडर चार्जिंगला लावलेला असतो. हाताच्या पंजाएवढा, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि पोटात माझी दीडशेच्या वर पुस्तकं. कपाटातलं चारशे पानांचं एकच पुस्तक उचललं तरी अर्धा किलो भरतं. हिशेब इतका सरळ आहे की प्रश्नच पडू नये. तरी गेली सात-आठ वर्षं दर खेपेला मी तिथे दहा-पंधरा मिनिटं उभी असते.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. डोंबिवलीहून ठाण्याला यायचं, सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडायची, कुडाळला उतरेपर्यंत दुपार कलते. पावसाळ्याचं वेळापत्रक लागलं की गाड्या जपून धावतात, मग संध्याकाळच होते. म्हणजे नऊ-दहा तास सलग. घरी, ऑफिसात, लोकलमध्ये वर्षभरात मला एवढा अखंड वेळ कुठेच मिळत नाही. म्हणून त्या तासांत हातात काय असावं याचा मी इतका विचार करते.

माझ्या लहानपणी हे तास नव्हतेच. तेव्हा गावाला जायचं म्हणजे रात्रभराची एसटी. पोलादपूर मागे पडलं की कशेडीचा घाट सुरू व्हायचा आणि आई न विचारता अर्ध लिंबू नाकाशी धरायची. मी एकदा हट्टाने खिडकीपाशी बसून उजाडता उजाडता गोष्टीचं पुस्तक उघडलं होतं. दोन पानांत पोटात ढवळायला लागलं. डोळे सांगतात समोरची ओळ जागेवर आहे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो अंग वळतंय, आणि त्या दोघांच्या भांडणात पोट बिघडतं, हे मला फार पुढे कळलं. रोह्याच्या पुढे तेव्हा रेल्वे नव्हती. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे रोह्यापासून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत पूर्ण सुरू झाली. पूल, बोगदे, परशुरामाच्या भूमीत आगगाडी, त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. माझ्या लेखी मात्र त्या दिवशी कोकणातल्या माणसाला गावाच्या वाटेवर वाचता यायला लागलं.

पहिली कित्येक वर्षं अर्थातच छापील पुस्तकं होती. निघताना स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर एक चक्कर व्हायचीच. व्हीलर हे स्टॉलवरचं नाव मी शाळेत असताना अक्षरं लावून वाचायला शिकले ते दादरच्या फलाटावर. 1877 साली अलाहाबादला सुरू झालेला तो व्यवसाय. रेल्वेने प्रवास करणाऱ्या माणसाला वाचायला काहीतरी लागतं, एवढ्या एका समजुतीवर तो उभा राहिला आणि पिढ्यान् पिढ्या टिकला. आता बऱ्याच फलाटांवरच्या स्टॉलमध्ये पाण्याच्या बाटल्या पुढे आणि मासिकं मागे असतात. ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं, आणि अजूनही मी एखादं मासिक घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

छापील पुस्तक गाडीत चारचौघांत वाचलं जातं. मुखपृष्ठ दिसतं, मग समोरचा मान तिरकी करून नाव वाचतो, मग विचारतो. एका मे महिन्यात समोर एक निवृत्त गुरुजी होते. पनवेलला त्यांनी "बघू का जरा?" म्हणून माझं पुस्तक मागून घेतलं. मी बाहेर बघत बसले, डुलकी काढली, बटाटेवडा खाल्ला. गुरुजींचं डोकं वर होईना. रत्नागिरी आली तेव्हा त्यांची तीसेक पानं उरली होती. पुस्तक परत करताना त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं होतं, त्यावरून मला कळलं. म्हटलं, "राहू द्या तुमच्याकडे." ते पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. गाडी हलली तेव्हा ते फलाटावरच्या बाकावर बसून वाचत होते, सामान पायाशी. मी घरून निघताना नेलेलं आणि परत न आलेलं ते पहिलं पुस्तक.

ई-रीडर घेतला 2017 मध्ये. त्याच्या आधीच्या डिसेंबरात किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तकं रीतसर यायला लागली होती, बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावर तर त्याआधीपासून होती. फोनवर वाचण्याचा प्रयत्न मी केला होता, पण दहा मिनिटांत डोळे चुरचुरायचे आणि दर दोन पानांमागे कुणाचा तरी निरोप टपकायचा. ई-रीडरचं तसं नाही. त्याच्या पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण. पान उलटताना विजेचा धक्का बसतो, काही कण वर येतात, काही खाली जातात. एकदा पान जुळलं की ते तसंच राहतं, त्यासाठी वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. खिडकीतून ऊन थेट पडलं तर फोन आरसा होतो, हे पान उलट जास्त स्पष्ट दिसतं, कागदासारखं. रोहा सोडल्यावर मोबाइलची रेंज कुठे असते कुठे नसते, पण पुस्तकं आधीच उतरवून घेतलेली असली की तिचं कामच पडत नाही.

त्या पहिल्या पावसाळ्यात मी पेण ओलांडताना गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचत होते. भटजी पेणजवळच्या वरसईचे. तिथून ते उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. हे पुस्तक छापलं गेलं ते 1907 मध्ये. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की आपल्याकडे त्याच्या लिखाणावरचे हक्क संपतात, त्यामुळे असली जुनी पुस्तकं कुणाचंही नुकसान न करता रीडरवर ठेवता येतात. खिडकीबाहेर त्यांचा मुलूख, हातात त्यांचे शब्द, आणि ही योजना मी पेणच्या दहा मिनिटं आधी केलेली. छापील पुस्तकांच्या काळात हे शक्य नव्हतं. तेव्हा रात्री जे पिशवीत पडलं तेच दिवसभर वाचावं लागे.

इथवर ऐकून कुणी म्हणेल की मग प्रश्न मिटला. मिटला नाही, आणि त्याचं पहिलं कारण मराठी अक्षरांत आहे.

एका ई-पुस्तकात सह्याद्रीचं वर्णन होतं. लेखिकेने काय लिहिलं असेल ते मला उघड दिसत होतं: पावसाने भरून आलेल्या दऱ्या. पडद्यावर मात्र होतं, भरून आलेल्या दर्या. दऱ्या आणि दर्या. कोकणात दोन्ही आहेत, एक गाडीच्या डावीकडे डोंगरात आणि दुसरा उजवीकडे पंधरा-वीस मैलांवर. त्या दोहोंतला सगळा फरक 'र'च्या त्या आडव्या, पापणीसारख्या खुणेत आहे. ती मराठीला लागते, हिंदीला लागत नाही. मग पुढच्या पानांवर 'वार्याने', 'किनार्यावर', 'सार्यांनी' असं दिसत राहिलं आणि माझं लक्ष गोष्टीतून उडून अक्षरांवर अडकलं. याचं मूळ जुनं आहे. आपल्याकडची बरीच पुस्तकं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेली होती. तिथे अक्षर हे खरं तर फाँटमधलं चित्र. फाँट बदलला की मजकुराचा कचरा होतो. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणताना रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, आणि प्रत्येक ओळ कुणीतरी डोळ्यांत तेल घालून तपासल्याशिवाय हे सापडत नाही. शिवाय मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' सोडून हिंदी वळणाचे येतात. कुणाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. आईच्या हाताने गिरवलेला 'ल' मला पानावर हवा असतो. आणि ज्यांची फक्त पीडीएफ मिळते ती पुस्तकं तर सहा इंचांच्या पडद्यावर मुंगीएवढी दिसतात. मोठी करावीत तर ओळीचं शेपूट बाहेर जातं, मग प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे ढकलत बसायचं.

पीडीएफवरून आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर नव्या कोऱ्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती फिरतात. "प्रवासात वाचायला घ्या" असं लिहून पाठवणारी माणसं चांगली असतात, प्रेमाने पाठवतात. मी त्या उघडत नाही. मराठीत पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची निघते. त्यातल्या दोनशे वाचकांनी फुकटची फाइल वाचली तर दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि त्या लेखकाचं पुढचं पुस्तक तर नाहीच नाही.

दुसरं कारण आठवणीचं. छापील पुस्तकातली जागा मला आठवते: डावं पान, खालून तिसरी ओळ, तिथे चहाचा डाग. रीडरवर मी फक्त "बासष्ट टक्क्यांवर" असते. नॉर्वेतल्या आन मांगेन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी पन्नास जणांना एकच कथा वाचायला दिली होती, अर्ध्यांना कागदावर, अर्ध्यांना किंडलवर. कथा समजायला बहुतेक बाबतींत दोन्हीकडे सारखीच समजली, पण प्रसंग कोणत्या क्रमाने घडले हे सांगताना किंडलवाले जास्त चुकले. हाताला पानांची जाडी कळत नाही, म्हणून गोष्टीत आपण कुठवर आलो ते अंगाला कळत नाही, असा काहीसा त्याचा अर्थ लावतात. मला तो पटतो. प्रवासात तर जास्तच, कारण तिथे पुस्तकाचा मार्ग आणि गाडीचा मार्ग एकमेकांत गुंततात. कुठली कादंबरी माणगावला सुरू झाली आणि त्यातलं मरण वैभववाडीच्या आसपास आलं, हे मला वीस वर्षांनंतरही छापील पुस्तकांबाबत सांगता येतं.

चिपळूण आलं की माझा हात मात्र नकळत रीडरकडे जातो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, 1864 सालच्या ग्रंथालयाने, 2005 च्या पुरातून स्वतःला सावरून उभं केलं होतं. ते पुन्हा पाण्याखाली गेलं. हजारो पुस्तकांचा लगदा झाला. कागद एकदा फुगला की पानं एकमेकांना धरतात, सुटत नाहीत, आणि कोकणातल्या हवेत दोन दिवसांत बुरशी येते. ज्या पुस्तकाची आवृत्ती पुन्हा निघणार नाही त्याची प्रत अशी गेली म्हणजे गेली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा मनापासून म्हटलं की प्रत्येक जुन्या मराठी पुस्तकाची एक प्रत विजेच्या अक्षरांत असलीच पाहिजे, रफार सरकलेला असला तरी चालेल.

पण ती प्रत माझ्या मालकीची असते का? 2009 मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले गेले, पुढे कंपनीने माफीही मागितली. तरी सकाळी उठून बघावं तर पुस्तक जागेवर नाही, असं छापील पुस्तकाबाबत पुराशिवाय, वाळवीशिवाय किंवा उसनं नेणाऱ्या मित्राशिवाय होत नाही. आपण ई-पुस्तक विकत घेतो म्हणतो, पण बहुतेक ठिकाणी विकत मिळते ती वाचायची परवानगी. ती माझ्या खात्याला बांधलेली. गुरुजींना रत्नागिरीच्या फलाटावर ती देता आली नसती.

माझं कपाटासमोरचं उभं राहणं इथून येतं. गावाला नेलेलं पुस्तक मी परत आणायचं नसतं.

काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गावच्या शाळेत तिने तीस वर्षं शिकवलं. माजघरातल्या तिच्या कपाटात पुस्तकं आहेत, त्यांच्यामध्ये कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे, आणि खालच्या कप्प्यात एक लांब वही. कुठलं पुस्तक कुणी नेलं, कधी आणलं. तिच्या उभट, शाळेच्या अक्षरात. मी दर खेपेला एक पुस्तक नेते, काकी ते आधी वाचते, मग ते वहीत चढतं आणि वाडीत फिरायला लागतं. शेजारच्या वाडीतली एक मुलगी बारावीनंतर नर्सिंगला गेली. वहीत तिचं नाव चाळीसेक वेळा आहे, मी मोजलं होतं. म्हणून कपाटासमोर मी माझ्यासाठी उभीच नसते. काय बरोबर घेतलं तर काकीला आवडेल, पानं शिवलेली आहेत की नुसती चिकटवलेली, आठ-दहा हातांत टिकेल का, कुणाला काय वाचायचंय, हे मी ठरवत असते. माझ्या वाचण्याची सोय रीडर करतो. तो प्रश्न खरोखर मिटलेला आहे.

गेल्या आषाढात मात्र गडबड झाली. वर्षभर मी एका कादंबरीबद्दल काकीला फोनवर सांगत होते. मी ती रीडरवर वाचली होती. छापील प्रत घ्यायला गेले तर आवृत्ती संपलेली. दोन दुकानं, प्रदर्शन, जुन्या पुस्तकांचे दोन विक्रेते, कुठेच नाही. मी तशीच गेले, रिकाम्या हाताने. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर काकीने विचारलंच.

मी रीडर काढून तिच्या हातात दिला. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला बारीक टाइप वाचवत नाही, हे ती कुणाला सांगत नव्हती, पण अलीकडची तिची वाचलेली पुस्तकं कमी झाली होती ते वहीतून दिसत होतं. मी अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. एका पानावर जेमतेम आठ-नऊ ओळी राहिल्या. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि ओठ न हलवता वाचायला लागली. वीज गेली, पावसाळ्यात ती रोजच जाते. रीडरला स्वतःचा दिवा असतो, त्यामुळे पान उजळलेलंच होतं. अंधाऱ्या ओटीवर फक्त तिचा चेहरा दिसत होता. मी कंदील लावला तर म्हणाली, "ऱ्हवांदे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रीडर घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं, बंद पडला. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ह्या खाली रेघ कित्याक मारलंस गो?" मी वर्षभरापूर्वी मारलेली खूण होती. आईला शेवटचं भेटून परतणाऱ्या मुलीचा परिच्छेद. आई गेली तेव्हा मी गाडीतच होते, हे काकीला माहीत आहे. मी काही बोलले नाही, तिनेही पुढे विचारलं नाही. पण त्यानंतर ती जिथे थांबली असेल तिथे तिनेही रेघा मारायला सुरुवात केली. कशा मारायच्या ते मी तिला दाखवलं नव्हतं.

माझ्या निघण्याच्या दिवशी कादंबरी अजून अर्धी उरली होती. निघायच्या सकाळी ती रीडर पदराने पुसून माझ्या पिशवीवर ठेवत होती. मी तो उचलून तिच्या कपाटात ठेवला आणि चार्जरची वायर त्याच्या भोवती गुंडाळली. तिने एकदा कपाटाकडे पाहिलं, मग वहीकडे.

"वाचून झाला काय मगे कोणाक देव ह्यां?"

मला उत्तर देता आलं नाही. एक यंत्र, दीडशे पुस्तकं आणि एक वाचक. वाडीत फिरवावं तर एका वेळी एकाच घरात सगळी दीडशे अडकणार. तिने ते हेरलं होतं. मग तिनेच वही उघडली, नव्या ओळीवर पुस्तकाचं नाव लिहिलं, पुढे स्वतःचं, आणि तारखेच्या रकान्यात फक्त 'नेलं' खाली त्या दिवसाची तारीख. 'आणलं' खालची जागा रिकामी ठेवली. तिच्यासाठी ते माझ्याकडून उसनं आणलेलं पुस्तक होतं.

"आणि तू गाडीत काय वाचतलंस?" म्हणत तिने वेखंडाच्या वासाचं एक पुस्तक काढून दिलं. पुठ्ठ्याला खाकी कव्हर, आतली पानं चहाच्या रंगाची, कोपऱ्यांवर कसरीने केलेली भोकं. वहीत माझं नाव चढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

कुडाळहून गाडी सुटली तेव्हा पाऊस खिडकीतून आत येत होता. मी पुस्तक ओढणीखाली धरून वाचत होते. आधीच्या वाचकांनी समासात शिसपेन्सिलीने काही शब्दांचे अर्थ लिहिले होते, निदान तीन वेगवेगळ्या अक्षरांत. रत्नागिरी गेली, भोके स्टेशन गेलं आणि करबुड्याचा बोगदा सुरू झाला. साडेसहा किलोमीटरचा. डब्यातले दिवे कुणी लावलेले नव्हते. पान आधी करडं झालं, मग दिसेनासं झालं. आवाजात बाजूच्या बाईंचं बोलणंही ऐकू येईना. रीडर असता तर वाचन थांबलं नसतं. ओळ अर्ध्यावर होती आणि त्या घरात कोण आलंय ते मला अजून कळलेलं नव्हतं. मी त्या ओळीवर बोट ठेवून, पुस्तक मांडीवर तसंच उघडं धरून, उजेड यायची वाट बघत बसले.